भाऊ जेलमधून सुटतोय, व्यसन परत लागू नये म्हणून घरच्यांनी काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मगच लिहायला बसलो. उत्तर लांबलंय, पण जमलं तर सगळं वाचा. तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ साडेतीन वर्षांनी पुढच्या महिन्यात सुटतोय, आत जायच्या आधी तो गर्द ओढायचा आणि शेवटी शेवटी इंजेक्शनवर गेला होता, आत आपण क्लीन आहोत, म्हणजे नशा पूर्ण बंद आहे, असं तो भेटीत सांगतो. आणि तुम्हाला चार गोष्टी विचारायच्यात: साडेतीन वर्षं झाली म्हणजे तो बरा झाला असं धरायचं का, सुरुवातीचे काही महिने त्याला घरातच ठेवायचं का म्हणजे जुनी पोरं भेटणार नाहीत, तो व्यसन सोडणाऱ्यांच्या ग्रुपला जायला नाही म्हणतोय त्याचं काय करायचं, आणि हातात पैसे द्यायचे की नाही. मी सतरा वर्षं समुपदेशक म्हणून काम करतोय, त्यातली गेली नऊ वर्षं फक्त जेलमधून सुटणाऱ्या व्यसनी माणसांबरोबर, म्हणजे सुटायच्या आधी आत जाऊन भेटायचं आणि सुटल्यावर बाहेर त्यांच्या मागे राहायचं. त्यामुळे जे सांगतोय ते बहुतेक डोळ्यांनी बघितलेलं आहे.

तुमच्या चारही प्रश्नांत एक गोष्ट समान दिसली ती आधी बोलतो. सगळीकडे 'मी काय करू' असं आहे. मी त्याला सांभाळू का, मी त्याला कोंडू का, मी पैसे देऊ का. माझ्या मते खरे प्रश्न दोन आहेत, पहिले दोन आठवडे तो जिवंत राहावा म्हणून काय तयारी पाहिजे, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं तो कुणाकुणाचा माणूस म्हणून जगणार. दोन्हीचं उत्तर एकट्या बहिणीत नाही. तुमचं प्रेम कमी पडतं म्हणून म्हणत नाही, हे काम एका माणसाच्या खांद्यावर मावतच नाही, आणि जिथे ते एकाच्या खांद्यावर टाकलेलं बघितलं तिथे वर्षभरात तो सुटलेला माणूस आणि तो खांदा दोघंही मोडलेले बघितलेत.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आत्ताच सांगून टाकतो. आत तो खरंच पूर्ण क्लीन होता की अधूनमधून काही मिळत होतं (जेलच्या भिंतीआड नशा पोहोचत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका), दारूचीही सवय होती का, डिप्रेशन वगैरे आहे का, सुटकेवर हजेरीच्या अटी आहेत का, तुमच्या घरात आणखी कुणी पितं का, या सगळ्याने उत्तर बदलतं. औषधांचे कायदेही देशादेशात वेगळे आहेत, त्यामुळे औषधांचा भाग तुमच्या डॉक्टरांकडून पक्का करून घ्या.

आता साडेतीन वर्षांचं. नाही, बरा झाला असं धरू नका. तो सुधारला नाही असा याचा अर्थ नाही, त्याच्या शरीराची सवय मोडलीय एवढंच आपल्याला माहीत आहे. आणि खरं भय तिथेच आहे. गर्द म्हणजे हेरॉइन, ते श्वास मंद करतं. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं, ज्याला टॉलरन्स म्हणतात, म्हणून जो डोस नवख्याला मारेल तो जुन्याला फक्त झिंग देतो. बंद केल्यावर हा टॉलरन्स काही दिवसा-आठवड्यांत उतरतो. पण डोक्याला आठवतो तो जुनाच डोस! साडेतीन वर्षांनी एखाद्या संध्याकाळी मन ढासळलं आणि त्याने 'फक्त एकदाच' म्हणून पूर्वीएवढं घेतलं तर श्वास तिथेच थांबू शकतो.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ लोकांचा एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका तिथल्या इतर लोकांच्या १२.७ पट होता, आणि ओव्हरडोसने मरण्याचा धोका १२९ पट. एकशे एकोणतीस. आत जाऊन काम करताना मी प्रत्येकाला हा आकडा सांगतो, घरच्यांनाही सांगतो. घाबरवायचं म्हणून नाही, लोक सगळी काळजी 'सहा महिन्यांनी नोकरी लागेल का' याची करतात आणि पहिला पंधरवडा तसाच मोकळा सोडतात म्हणून.

मीही सोडला होता. या कामाच्या दुसऱ्या वर्षी एक सव्वीस वर्षांचा मुलगा सुटणार होता, आत त्याच्याशी माझं उत्तम जमलं होतं, आणि मी त्याला सुटल्यानंतर दहाव्या दिवसाची भेट दिली, कारण माझ्या डायरीत त्याआधी जागा नव्हती. चौथ्या रात्री तो गेला. त्याच्या आईने मला फोन करून सांगितलं की त्याच्या खिशात माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, तारीख आणि वेळ लिहिलेली. त्यानंतर मी भेटीची तारीख देत नाही, सुटायच्या दिवशी गेटवर जातो, मला जमणार नसेल तर दुसरं कुणीतरी जाईल याची सोय करून ठेवतो.

तर तयारी. सगळ्यात आधी नॅलॉक्सोन. हेरॉइनसारख्या नशेचा परिणाम काही मिनिटांत उलटवणारं औषध, नाकातल्या स्प्रेच्या किंवा इंजेक्शनच्या रूपात मिळतं. काही देशांत दुकानात सहज मिळतं, काही ठिकाणी फक्त डॉक्टरांमार्फत. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून जेलमधून सुटणाऱ्यांच्या हातात त्याचं किट देतात. तुमच्याकडे कसं मिळतं ते या आठवड्यातच शोधा आणि घरातल्या दोघांनी तरी वापरायला शिकून घ्या, कारण ज्याचा ओव्हरडोस होतो तो स्वतःला देऊ शकत नाही. चिन्हं लक्षात ठेवा: हलवून, ओरडून उठत नाही, श्वास अगदी मंद किंवा अडखळत, घशातून घरघर, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घोरतोय, झोपू दे, असं म्हणून बाजूला झालेले घरचे लोक मला भेटलेत, त्यांचं दुःख मला इथे लिहवत नाही. असं काही दिसलं तर अँब्युलन्स बोलवा, नॅलॉक्सोन द्या, श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, आणि जवळून हलू नका. नॅलॉक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, नशेचा त्याहून जास्त टिकू शकतो, म्हणून तो उठून बसला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच.

दुसरं, उपचाराची औषधं. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलीत. ती क्रेव्हिंग, म्हणजे नशेची तलफ, आवाक्यात ठेवतात आणि मरणाचा धोका कमी करतात. 'एक व्यसन सोडून दुसरं लावायचं का' हे तुम्हाला नातेवाईक म्हणतील, कधी कधी ग्रुपमधलेही म्हणतील. मीसुद्धा सुरुवातीला तसंच मानायचो. नंतर अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याचं काम वाचलं, त्यांनी २०१६ मध्ये आपल्या जेलमध्येच ही औषधं सुरू केली, आत असताना द्यायची आणि सुटल्यावर बाहेरच्या क्लिनिकला जोडून द्यायचं. नुकत्याच सुटलेल्या लोकांचे ओव्हरडोस मृत्यू एका वर्षाच्या पहिल्या सहामाहीत २६ होते, पुढच्या वर्षी त्याच काळात ९. हे वाचल्यावर माझा हट्ट गेला. साडेतीन वर्षं क्लीन असलेल्या माणसाला आता औषध सुरू करायचं का हा मात्र नाजूक निर्णय आहे, तो व्यसनातल्या जाणकार डॉक्टरने, भावाशी बोलूनच घ्यायचा. नाल्ट्रेक्सोन नावाचं तिसरं औषध आहे, ते नशेचा असरच होऊ देत नाही, पण मध्येच सोडलं तर टॉलरन्स नसलेलं शरीर पुन्हा त्याच धोक्यात येतं, हे विचारून घ्या. आणि दारूचीही सवय असेल, परत रोज पिणं सुरू झालं, तर एका झटक्यात घरच्या घरी बंद करायला लावू नका, जास्त पिणाऱ्याला त्यात फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

आता कोंडून ठेवायचं का, यावर माझं म्हणणं स्पष्ट आहे, नका ठेवू. साडेतीन वर्षं तो कोंडलेलाच होता ना, त्यातून बाहेर वागायचं कसं हे शिकलेला नाही. जुनी पोरं टाळायला पाहिजेत हे तुमचं अगदी बरोबर. व्हिएतनाम युद्धात बऱ्याच अमेरिकन सैनिकांना हेरॉइनची सवय लागली होती. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला, तेव्हा तिथे व्यसनी झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के लोक घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले होते. त्याला कारणं अनेक असतील, पण एक असं की नशेची जागा, माणसं, तो सगळा माहोल मागे राहिला होता. जेलमधून सुटणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. त्याचा माहोल घराजवळ, तो ज्या कोपऱ्यावर उभा राहायचा तिथेच वाट बघत असतो. म्हणून दुसरीकडे राहायची सोय होत असेल तर विचार जरूर करा.

पण कोंडल्याने माहोल बदलत नाही, नशा फक्त लपते. १९८२ मध्ये शेपर्ड सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उंदरांवरचा एक प्रयोग आला होता. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना तोच मोठा डोस नेहमीच्या जागी दिला तेव्हा साधारण एक तृतीयांश मेले, अनोळखी जागी दिला तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश. शरीर जागेवरून डोसची तयारी करतं असा त्याचा अर्थ. मला यात दिसतं ते बंद बाथरूम. बहिणीच्या धाकाने, कडी लावून, घाईघाईत, एकट्याने घेतलेला डोस. कोंडलेल्या माणसाने घेतला तर तो असा घेतो, आणि दाराबाहेर घरचे समजतात की अंघोळ चाललीय.

आणखी एक, जे घरच्यांना कुणी सांगत नाही. आतून आलेला माणूस साध्या साध्या गोष्टींना अडतो. एक गृहस्थ होते, अकरा वर्षं आत काढलेले, सुटल्यावर तिसऱ्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या ग्रुपला आले. पहिल्या दिवशी दारापाशी येऊन नुसते उभे. आम्हाला वाटलं लाजतायत. मग आतून कुणीतरी म्हणालं, 'अहो उघडंच आहे, ढकला', तेव्हा त्यांनी दाराकडे बघितलं. अकरा वर्षांत त्यांनी एकही दार स्वतःच्या हाताने उघडलं नव्हतं, दार दुसरं कुणीतरी उघडतं अशीच शरीराला सवय. तुमच्या भावाचंही थोडंफार असं होईल, अंधारात झोप येणार नाही कारण आत दिवा रात्रभर चालू असतो, दुकानात चार वस्तूंतली एक निवडताना घाम फुटेल, कुणी मागून चालत आलं तर दचकेल. यातली प्रत्येक गोष्ट नशेची आठवण काढायला पुरेशी असते. सुटला म्हणून पहिल्याच दिवशी नातेवाईक गोळा करू नका, त्याला शांतपणे राहू द्या.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर साडेतीन वर्षांचा क्लीन काळ हा पहिल्या पंधरवड्यात धोका आहे, त्याची वैद्यकीय तयारी सुटकेच्या आधी करायची, आणि कडी लावून ही तयारी होत नाही. मग कडीच्या जागी काय, तर माणसं. म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न.

ग्रुपला नको म्हणतो कारण सगळ्यांसमोर जेलचं सांगावं लागेल, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं ऐका, लगेच खोडू नका. आत एक नियम माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो, आपल्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही, सांगितलेलं उद्या आपल्यावरच वापरलं जातं. रडायचं नाही, घाबरलोय म्हणायचं नाही. या नियमाने तो आत टिकलाय. आता त्याला खुर्चीवर बसवून 'मनातलं बोल' म्हटलं तर तो बोलेल कसा? म्हणून त्याला हे सांगा, आणि हे खरंच असं आहे, की अल्कोहोलिक्स अनॉनिमस (दारू सोडणाऱ्यांचे ग्रुप) किंवा नार्कोटिक्स अनॉनिमसच्या (ड्रग्ज सोडणाऱ्यांचे ग्रुप) मीटिंगला बोलणं सक्तीचं नाही. नुसतं बसून ऐकलं तरी चालतं, आडनाव लागत नाही, फी नाही, अट एकच, नशा सोडायची इच्छा. पहिली संस्था १९३५ ची, दुसरी १९५३ ची, आणि जेलशी त्यांचं नातं फार जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात १९४२ मध्येच अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा सुरू झाल्या होत्या. म्हणजे जवळपास कुठल्याही जुन्या ग्रुपमध्ये आत जाऊन आलेलं कुणी ना कुणी बसलेलं असतं. तो सगळ्यात वेगळा दिसणार नाही.

उपयोग होतो का याचंही प्रामाणिकपणे सांगतो. दारूच्या बाबतीत २०२० मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, मोठा आढावा आला, २७ अभ्यास, १०,५६५ लोक, आणि पूर्णपणे दारू सोडून राहण्यात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाचा निकाल इतर प्रस्थापित उपचारांएवढा किंवा त्यांच्यापेक्षा चांगला निघाला. गर्दसाठी एवढा भक्कम पुरावा नाही, त्यामुळे 'ग्रुप आहे तर औषध कशाला' असं म्हणू नका, दोन्ही एकत्र चालतात. ज्या ग्रुपमध्ये औषध घेणाऱ्याला 'तू क्लीन नाहीस' म्हणतात तो ग्रुप सोडून दुसरा बघायचा. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो, चार-पाच तरी बघावेत. या बारा पायऱ्यांतली देवाची भाषा त्याला रुचत नसेल तर १९९४ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरीसारखे विचार-वर्तनावर काम करणारे गट आहेत, ऑनलाइनही आहेत. आणि मारहाण करणाऱ्या, बांधून ठेवणाऱ्या केंद्रात मात्र कुणी कितीही गॅरंटी दिली तरी टाकू नका, एक जेल संपलं की दुसरं सुरू होईल.

पण ग्रुप नेमकं काय करतो ते मला त्या अकरा वर्षांवाल्या गृहस्थांमुळे कळलं. ते दीड महिना एक शब्द बोलले नाहीत. लवकर यायचे आणि खुर्च्या लावायचे, पहिल्यांदा लावल्या त्या सरळ रांगेत, आत हजेरीला उभं करतात तशा. ग्रुपमधले एक जुने सदस्य त्यांच्या शेजारी गेले, काही न बोलता एक खुर्ची थोडी वळवली, मग दुसरी, मग दोघांनी मिळून गोल केला. तेव्हापासून खुर्च्यांचं काम त्यांचंच. चार महिन्यांनी ग्रुपने त्यांना हॉलची किल्ली दिली. ज्या माणसाला अकरा वर्षं किल्ल्यांचा नुसता आवाज ऐकू यायचा त्याच्या हातात किल्ली! ती त्यांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती, शर्टाच्या आत. नंतर एकदा त्यांनी शेअरिंगमध्ये, म्हणजे मीटिंगमध्ये स्वतःबद्दल बोलताना, सांगितलं की पगाराच्या दिवशी पैसे खिशात असताना त्यांची पावलं जुन्या अड्ड्याकडे वळली होती, अगदी वळणापर्यंत गेले, आणि मग आठवलं की सात वाजता मीटिंग आहे, मी गेलो नाही तर वीस माणसं दाराबाहेर उभी राहतील. ते परत फिरले.

मी या गोष्टीचा खूप विचार केलाय. त्यांना कुणी अडवलं नव्हतं, समजावलं नव्हतं, त्या वेळी कुणाचा फोनही आला नव्हता. कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे एवढंच होतं. घरचे लोक सुटलेल्या माणसासाठी सगळं करतात, त्याला काही करू देत नाहीत, आणि तो दिवसभर 'मी सगळ्यांवर ओझं आहे' असं मनात घोळवत बसतो. म्हणून घरातही त्याला एक असं काम द्या जे त्याने केलं नाही तर खरंच अडेल. देखाव्याचं नको, त्याला ते लगेच कळेल.

तुम्ही आत्ता, सुटकेच्या आधी, एक करू शकता. जवळच्या ग्रुपशी बोला आणि सांगा की अमुक तारखेला एकजण सुटतोय. बऱ्याच ठिकाणी सुटणाऱ्याला पहिल्या मीटिंगला सोबत घेऊन जायला एखादा सदस्य तयार असतो, जमलं तर आधी आत पत्रही लिहितो. पहिली मीटिंग सुटल्याच्याच संध्याकाळी, 'सोमवारपासून जाऊ' नको. सुरुवातीला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला सांगतात, त्यात काही जादू नाही, रोजची सगळ्यात अवघड वेळ कुठेतरी माणसांत जाते एवढंच, पण तेवढं पुष्कळ आहे. हळूहळू त्यातला एक माणूस स्पॉन्सर होईल, म्हणजे स्वतः त्या वाटेने गेलेला, रात्री दोनला फोन उचलणारा. त्या माणसाला भाऊ जे सांगेल ते तुम्हाला सांगणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, विचारूही नका.

राहायच्या जागेबद्दल एक शक्यता सांगतो, तुमच्याकडे असं काही असेल तर. अमेरिकेत १९७५ पासून ऑक्सफर्ड हाउस नावाची घरं चालतात, नशा सोडलेले लोक एकत्र राहतात, भाडं वाटून भरतात, नियम मतदानाने ठरवतात, पगारी कर्मचारी नाही, आणि कुणी परत नशा केली तर त्याला घर सोडावं लागतं. उपचार संपवून बाहेर पडलेल्या १५० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून बघितलं गेलं, दोन वर्षांनी या घरांत पाठवलेल्यांपैकी ३१ टक्के नशा करत होते, नेहमीच्या पद्धतीने घरी पाठवलेल्यांपैकी ६५ टक्के. तुमच्याकडे असं घर नसलं तरी त्यातलं तत्त्व उचलता येतं, घरचे नियम त्याच्यावर लादण्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून ठरवा, लिहून काढा, आणि तुमच्यासाठीही एखाद-दोन नियम त्यात असू द्या, उदाहरणार्थ रोज खिसे तपासायचे नाहीत.

घसरला तर काय, हेही त्या दिवशीच बोलून ठेवा. तो घसरेलच असं नाही, पण बरेच जण एकदा तरी घसरतात, आणि मग मारते ती लाज. 'आता ताईला तोंड कसं दाखवू' म्हणून माणूस लपतो, आणि लपून घेतो. त्याला आधीच सांगून ठेवा की काहीही झालं तरी मला फोन कर, मी आधी तू ठीक आहेस का एवढंच विचारेन, बाकीचं दुसऱ्या दिवशी. आणि तो फोन आला तर खरंच तेवढंच विचारा. मला माहितीये हे फार अवघड आहे, साडेतीन वर्षांचा राग आणि काळजी घशाशी आलेली असते, त्या रागाला दुसरी जागा पाहिजे. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल्-अनॉन नावाचे ग्रुप १९५१ पासून आहेत, नार्कोटिक्सच्या बाजूला नार्-अनॉन आहे. तुम्ही जा, आईलाही न्या. तुम्ही लिहिलंय की आई रात्री उठून त्याची रिकामी खोली बघून येते. तिला तिच्यासारख्या चार बायका भेटणं गरजेचं आहे, भाऊ येण्याच्या आधीच.

राहता राहिले पैसे. अजिबात नाही दिले तर तो लहान मूल होतो, एकदम मोठी रक्कम दिली तर पहिल्याच आठवड्यात धोका. मी सांगतो ते असं, रोजच्या जाण्यायेण्याचे आणि थोडे वरचे, त्याच्या हातात, हिशोब न मागता. मोठी रक्कम असेल, आतल्या कामाची मजुरी साठलेली असेल, तर ती कुठे ठेवायची हे त्यालाच विचारा. बहुतेकांना स्वतःलाच माहीत असतं की हातात आली तर जाईल, आणि आपणहून सांगितलेलं ते पाळतात. पहिला पगार होईल त्या दिवशी मात्र स्पॉन्सरने किंवा ग्रुपमधल्या कुणीतरी सोबत राहावं, ते आधीच ठरवा.

सुटायची नक्की तारीख आणि वेळ लेखी विचारून घ्या, ऐनवेळी बदलली तर कळवणार कुणाला तेही, कारण रात्री अवेळी गेटबाहेर एकटा सोडलेला माणूस मी बघितलाय. ओळखपत्र, चालू फोन, आधीची औषधं असतील तर त्यांची चिठ्ठी, हे सगळं तयार ठेवा. आणि पुढच्या भेटीत बाकी काही समजावू नका, फक्त विचारा, गेटवर कोण हवंय, आणि त्या संध्याकाळी तुझ्याबरोबर कोण असावं. तो जे नाव घेईल, किंवा कुणाचंच घेणार नाही, ते मला इथेच कळवा, त्यावरून पहिल्या चौदा दिवसांचा तक्ता आपण मिळून बनवू.